फूल नाही, बी नाही, तरी वंश चालतो

रावेर-यावल पट्ट्यातल्या कुठल्याही केळीच्या बागेत या प्रकरणाचा मूळ प्रश्न उभा असतो. केळीला भलंमोठं, जांभळट केळफूल येतं, त्यातून घड पडतो; पण केळं उभं चिरलं तर आत बी सापडत नाही, फक्त मधोमध बारीक काळसर ठिपक्यांची ओळ दिसते. बाग लावायची ती कंदांपासून, मुनव्यांपासून किंवा प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऊतिसंवर्धित रोपांपासून. त्याच केळीच्या पानावर पावसाळ्यात करपा पडतो. करप्याच्या बुरशीलाही बी नसतं. मग वनस्पतिशास्त्रात ज्याला ‘अबीजी’ म्हणतात तो या दोघांपैकी कोण?

अबीजी ठरते ती बुरशी. केळी नाही. केळीच्या रानटी भाऊबंदांच्या फळांत दगडासारख्या टणक बिया असतात. माणसाने हजारो वर्षं बिनबियांची झाडं निवडली, त्यांतल्या बहुतेकांत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच झाले आणि बी धरण्याची ताकद गेली. कूळ मात्र बियांवाल्यांचंच राहिलं. फूल त्याची साक्ष देतं. अबीजी म्हणजे ज्याच्या साऱ्या कुळात फूल आणि बी ही सोयच नाही, आणि जे बीजाणूंवर आपला वंश चालवतं ते. शैवाल, बुरशी, दगडफूल, भिंतीवरचं मऊ हिरवं शेवाळ आणि नेचे हे सगळे या एका शब्दाखाली येतात. इंग्रजीतून आलेला शब्द ‘क्रिप्टोगॅम’. जळगावच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्यांच्या तोंडी तोच असतो. मराठीत अबीजी आणि अपुष्प हे दोन्ही शब्द चालतात. बालभारतीच्या नववीच्या विज्ञानात ‘अबीजपत्री’ असा शब्द आहे. मला ‘अबीजी’ बरा वाटतो, कारण बीजपत्र म्हणजे डाळीचं दल, आणि इथे मुद्दा दलाचा नसून मुळात बीच नसण्याचा आहे.

‘क्रिप्टोगॅम’ हे नाव मुळात दिलं स्वीडनच्या कार्ल लिनियसने. १७३५ साली त्याने वनस्पतींचे चोवीस वर्ग पाडले. तेवीस वर्ग फुलातल्या पुंकेसरांची संख्या, लांबी, मांडणी पाहून ठरवले. उरलेल्यांना फूलच नव्हतं, म्हणजे मोजायला काही नव्हतं. त्या सगळ्यांना त्याने चोविसाव्या वर्गात घातलं आणि त्याला ‘गुप्त विवाह’ अशा अर्थाचं ग्रीक नाव दिलं. यांचंही मीलन होत असणार, पण ते आपल्याला दिसत नाही, असा त्याचा अंदाज. १७५३ च्या त्याच्या मोठ्या ग्रंथात या वर्गात चार गट आहेत : नेचे, हरिता (म्हणजे भिंतीवरचं ते मऊ शेवाळ), शैवाल आणि कवक (म्हणजे बुरशी). पुढे १८८३ साली आयख्लर या जर्मन शास्त्रज्ञाने सगळ्या वनस्पतींचे अबीजी आणि सबीज असे दोन भाग पाडले. आपल्या शाळांत आजही शिकवली जाते ती मांडणी मुळात हीच.

लिनियसचा अंदाज खरा ठरला, पण त्याला शंभरावर वर्षं लागली. हेडविग नावाच्या डॉक्टरने १७८० च्या दशकात सूक्ष्मदर्शकातून हरितांची नर आणि मादी इंद्रियं ओळखली. सगळी साखळी जुळवली ती विल्हेल्म होफमाइस्टर याने. लाइपझिगमध्ये वडिलांचा संगीताच्या वह्या छापण्या-विकण्याचा धंदा होता, तोही तोच करी. विद्यापीठाचं तोंडही त्याने पाहिलेलं नव्हतं. दुकानापूर्वीच्या पहाटेच्या वेळात अभ्यास करून वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १८५१ मध्ये, त्याने दाखवून दिलं की हरिता आणि नेचे यांच्या आयुष्यात दोन पिढ्या आळीपाळीने येतात : एक बीजाणू तयार करणारी आणि दुसरी नर-मादी पेशी तयार करणारी. वनस्पतिशास्त्रात यापेक्षा मोठे शोध फार थोडे आहेत, असं माझं मत आहे.

या दोन पिढ्या पाहायला युरोपात जावं लागत नाही. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या रानात पावसाळ्यात ओढ्याकाठच्या ओल्या दरडींवर हंसराज वाढतो. काळाभोर, केसासारखा चकचकीत देठ आणि त्यावर पंख्यासारखी कोवळी पानं. पान पाण्यात बुडवून काढलं तरी ओलं दिसत नाही; थेंब घरंगळून जातात. पान उलटं करून कडा पाहावी. ती आत दुमडलेली असते, आणि त्या दुमडीच्या आत तपकिरी ठिपक्यांची रांग असते. प्रत्येक ठिपका म्हणजे बीजाणूंच्या बारीक पिशव्यांचा झुबका. प्रत्येक पिशवीभोवती जाड भिंतींच्या पेशींचं एक कडं असतं. हवा कोरडी झाली की त्या पेशींतलं पाणी उडतं, कडं मागे ओढलं जातं आणि पिशवी फाटून उघडते. ताण सोसेनासा झाला की कडं क्षणात पूर्वीच्या जागी झेपावतं आणि बीजाणू लांब उडतात. साध्या भिंगातून, पान दिव्याच्या उबेला धरलं, तर ही फेक प्रत्यक्ष दिसते.

उडालेला बीजाणू ओल्या जागी पडला तरी त्यातून लगेच हंसराज उगवत नाही. आधी एक हिरवी, बदामाच्या आकाराची, नखाहून लहान चकती तयार होते. तिच्या खालच्या अंगाला नर आणि मादी पेशी होतात. नर पेशीला पोहत मादीकडे जावं लागतं, त्यासाठी दव किंवा पावसाचा पातळ थर पुरतो. लिनियसला न दिसलेलं मीलन ते हेच. त्यातून नेच्याचं रोप उठतं आणि चकती सुकून जाते. विहिरीच्या आतल्या दगडी बांधकामात, जिथे सतत झिरप असते, तिथे ही चकती शोधून सापडते. नेच्यांची झुडपं तर तिथे कुणालाही दिसतात.

खान्देश हा काही नेच्यांचा मुलूख नव्हे. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या मैदानात पाऊस बेताचा, मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. पोहणारी नर पेशी अशा मुलखात टिकते ती पावसाच्या तीन-चार महिन्यांच्या जोरावर. मोरशिखा हे त्याचं उत्तम उदाहरण. बोटभर उंचीचा हा नेचा कातळाच्या भेगांत आणि किल्ल्यांच्या पडक्या भिंतींत वाढतो. ताडाच्या पानासारखी त्याची पानं उन्हाळ्यात मिटून, वळून, वाळल्या काडीसारखी होतात; मेलं असं वाटतं. पहिल्या चांगल्या सरीनंतर तीच पानं काही तासांत हिरवी होऊन उलगडतात. नवं पान फुटण्याची वाट पाहावी लागत नाही.

पण या मुलखात बीजाणूंशी माणसाचा खरा संबंध येतो तो शेतात, आणि तो बहुधा नुकसानीचा असतो. बी आणि बीजाणू यांतला फरक शेतकऱ्याला नीट कळला तर निम्मी लढाई जिंकली, असं मी मानतो. बीमध्ये तयार गर्भ असतो आणि त्याच्यासाठी अन्नाचा साठा असतो. बीजाणू बहुधा एका पेशीचा. शिदोरी जवळजवळ नाहीच. म्हणून बी मोठं, जड आणि मोजकं, तर बीजाणू डोळ्यांना न दिसणारा, वाऱ्यावर तरंगणारा आणि लाखोंनी होणारा. त्यातले बहुतेक वाया जातात. एखाद्याला ओल, ऊब आणि योग्य पान मिळालं की पुरे.

ज्वारीवरची काणी घ्या. कणसात दाण्याच्या जागी राखाडी, टोकदार पिशव्या दिसतात आणि फोडल्या तर काळी भुकटी निघते. ती भुकटी म्हणजे बीजाणू. मळणीत पिशव्या फुटतात आणि ही धूळ निरोगी दाण्यांना चिकटते. पुढच्या वर्षी ते दाणे पेरले की दाण्याबरोबर बीजाणूही रुजतो, कोंबात शिरतो आणि ताटाच्या आतून वर चढतो. कणीस बाहेर पडेपर्यंत शेतात काहीच दिसत नाही. दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. मुंबई इलाख्यातल्या ज्वारीच्या काणीचा अभ्यास जी. एस. कुलकर्णी यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात केला होता. उपाय फार स्वस्त आहे : पेरणीआधी किलोभर बियाण्याला ३०० मेश गंधकाची ४ ग्रॅम भुकटी चोळायची. बीजाणू दाण्याच्या बाहेर चिकटलेला असतो, म्हणूनच बाहेरून चोळलेलं गंधक त्याला गाठतं. गव्हाच्या काजळीत बुरशी दाण्याच्या आत दडलेली असते, तिथे असं नुसतं गंधक चोळून भागत नाही. झिपरी काणीचे बीजाणू जमिनीत राहतात, तिथेही हा उपाय लागू पडत नाही. बीजाणू कुठे बसला आहे हे ठाऊक असलं की उपाय आपोआप सुचतो.

बाजरीवरचा अरगट हा याहून धोक्याचा, कारण तो ताटात येतो. फुलोऱ्याच्या वेळी ढगाळ हवा आणि रिमझिम असली की कणसातून मधासारखा चिकट द्रव पाझरू लागतो. त्यात बीजाणू असतात. किडे आणि पावसाचे थेंब ते पुढच्या कणसावर नेतात. नंतर दाण्यांच्या जागी गर्द तपकिरी, कठीण पेशीगोळे धरतात. १९५० च्या दशकात तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात असे गोळे दळणात गेल्याने माणसांना विषबाधा झाली होती. मळमळ, ओकाऱ्या, चक्कर आणि गुंगी ही लक्षणं डॉक्टरांनी नोंदवली. यावरचा उपाय कुणालाही घरी करता येतो. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवायचं आणि त्यात बियाणं ओतायचं. अरगटचे गोळे आणि पोचट दाणे हलके असल्याने वर तरंगतात. ते काढून जाळायचे. खाली बसलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. मीठ राहिलं तर उगवण बिघडते, म्हणून धुण्यात कंटाळा करू नये.

बाजरीचाच दुसरा रोग गोसावी. कणसात दाण्यांऐवजी हिरव्या, वळलेल्या पानांसारखे झुबके फुटतात, जटा वाढवलेल्या गोसाव्यासारखे. नाव तिथूनच पडलं. काही जण त्याला केवडाही म्हणतात. रात्री दव पडलं की रोगट पानांच्या खालच्या बाजूवर पांढुरकी लव येते. ती हवेतून पसरणाऱ्या बीजाणूंची. पानं सुकताना आत आणखी एका जातीचे, जाड भिंतीचे बीजाणू तयार होतात आणि जमिनीत वर्षानुवर्षं तग धरतात. भारतात संकरित बाजरी १९६५ मध्ये ‘एचबी-१’पासून सुरू झाली. उत्पादन झपाट्याने वाढलं, शेतंच्या शेतं एकाच वाणाखाली आली आणि १९७१ मध्ये ‘एचबी-३’ या वाणावर गोसावी देशभर फिरला. तेव्हापासून बाजरीच्या पैदासकारांना उताऱ्याआधी गोसावीचा विचार करावा लागतो. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात बाजरी संशोधन योजना चालते; ‘आदिशक्ती’सारखं संकरित वाण तिथलं. पाऊस कमी असणाऱ्या साक्री-शिंदखेड्याच्या हलक्या जमिनींना असल्या कामाचं मोल फार आहे.

बीजाणूंचा पल्ला किती मोठा असतो ते गव्हाच्या तांबेऱ्यावरून कळतं. तांबेऱ्याच्या पानावरून बोट फिरवलं की विटकरी भुकटी बोटाला लागते. आपल्या उन्हाळ्यात हे बीजाणू मरून जातात. मग दर हिवाळ्यात रोग येतो कुठून? युरोपात बार्बेरी नावाचं झुडूप या बुरशीचं दुसरं घर, हे डी बारी या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये सिद्ध केलं होतं, आणि भारतातही तसंच असेल असा समज होता. आग्र्याच्या करमचंद मेहतांनी आयुष्य घालवून हा समज खोडला. १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधात त्यांनी दाखवलं की मैदानातल्या उन्हाळ्यात तांबेरा मरतो, थंड डोंगरांत जगतो आणि तिथून वाऱ्याबरोबर दरवर्षी खाली येतो. खोडावरच्या तांबेऱ्याचं दक्षिणेतलं माहेर निलगिरी आणि पळणीचे डोंगर. नोव्हेंबरातल्या चक्री वाऱ्यांबरोबर हे बीजाणू शेकडो किलोमीटर उत्तरेला येतात आणि पावसाबरोबर मध्य भारतातल्या गव्हावर उतरतात. तमिळनाडूच्या डोंगरातला बीजाणू शिरपूरच्या शेतात उतरू शकतो. निफाडच्या आणि महाबळेश्वरच्या संशोधन केंद्रांनी गव्हाच्या तांबेऱ्यावर केलेलं काम याच ज्ञानावर उभं आहे.

केळीच्या करप्याची गोष्ट तशीच. त्याचं जागतिक नाव फिजी बेटांतल्या सिगाटोका खोऱ्यावरून पडलं. पानावर आधी शिरांना समांतर पिवळसर रेघा, मग तपकिरी ठिपके, मग राखाडी मध्य आणि भोवती पिवळी कडा. या बुरशीचे बीजाणू दोन तऱ्हांचे : एक थेंबांबरोबर ओघळून आणि उडून जवळच्या पानांवर जातात, दुसरे वाळलेल्या पानांतून हवेत सुटून दूरच्या बागांत पोचतात. म्हणून रोगट पानं कापून बागेतच टाकली तर काम अर्धवट राहतं. ती बाहेर नेऊन नष्ट करावी लागतात, आणि शेजारच्या बागेनेही तेच करावं लागतं. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या नावाची पत राखायची तर करप्याची शिस्त गावाने मिळून पाळली पाहिजे.

आता शब्दाकडे परत येऊ, कारण एवढ्या उदाहरणांत त्याची मोठी अडचण उघड झाली आहे. हंसराज, काणी आणि गोसावी हे तिघेही लिनियसच्या चोविसाव्या वर्गात शेजारी बसतात. प्रत्यक्षात त्यांचं एकमेकांशी जवळचं नातं नाही. व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये सजीवांची पाच सृष्टींत विभागणी केली तेव्हा कवकांना वनस्पतींतून बाहेर काढून स्वतंत्र सृष्टी दिली. जनुकांच्या अभ्यासाने पुढे कळलं की बुरशी झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे. गोसावीचा जीव तर खरी बुरशीही नाही. त्याचं कूळ समुद्रातल्या तपकिरी शैवालाकडे जातं. निळं-हिरवं शैवाल जिवाणूंत गेलं. २०११ मध्ये मेलबर्नला भरलेल्या परिषदेत वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेचं नावही बदललं आणि त्यात शैवाल, कवक आणि वनस्पती असे तीन शब्द वेगळे लिहिले गेले.

दगडफुलाने तर या वर्गीकरणाला सगळ्यात आधी हादरा दिला. खान्देशात काळा मसाला दगडफुलाशिवाय होत नाही. तेलावर परतलं की त्याचा मातकट, धुरकट वास सुटतो आणि शेवभाजीच्या रश्श्याला तो खास गंध येतो. वाळलेला तुकडा हातात घेऊन पाहावा : वरची बाजू राखाडी, खालची काळी, कडा कुरळ्या, आणि पुष्कळदा त्या कडांवर पिठासारखी बारीक भुकटी. नावात फूल असलं तरी यात फूल नाही. १८६७ मध्ये श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने सांगितलं की हा एक जीव नव्हेच. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार आहे. तेव्हाच्या दगडफूल-तज्ज्ञांना ते मुळीच पटलं नाही, पण तेच खरं निघालं. इथे बीजाणूची मर्यादाही दिसते. दगडफुलातल्या बुरशीचा बीजाणू एकटा पडला तर त्याला योग्य शैवाल भेटेपर्यंत दगडफूल होत नाही. कडेवरच्या पिठात मात्र बुरशीचे धागे आणि शैवालाच्या पेशी दोन्ही गुंफलेले असतात, म्हणून त्याच्या एका कणातून नवं दगडफूल उभं राहू शकतं. आपल्या बाजारात येणारा बहुतेक माल हिमालयाच्या आणि पश्चिम घाटाच्या डोंगरांतला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत दगडफुलांवर अनेक वर्षं काम झालं आहे, आणि तिथलं कवकांचं संग्रहालय अजरेकर या मराठी कवकशास्त्रज्ञांच्या नावाने आहे.

गोठ्याशेजारच्या खड्ड्यात वाढवला जाणारा अझोला हाही अबीजीच, पाण्यावर तरंगणारा नेचा. त्याच्या पानांतल्या पोकळ्यांत नत्र धरून ठेवणारे निळे-हिरवे जिवाणू राहतात, म्हणून तो गुरांना पौष्टिक. त्याला दोन तऱ्हांचे बीजाणू येतात, पण शेतकरी ते कधी वापरत नाही. मूठभर अझोला टाकला की तो तुटून तुटून वाढतो. त्याचं कूळ किती जुनं! दख्खनच्या लाव्हाचे थर एकावर एक पसरत होते, तेव्हा त्या थरांमधल्या डबक्यांच्या गाळात अझोल्याचे अवशेष अडकले. छिंदवाडा परिसरात सापडलेल्या अशा जीवाश्माचं वर्णन बिरबल सहानी आणि राव यांनी १९३४ मध्ये केलं. खान्देशची काळी माती ज्या खडकापासून झाली, तोच हा खडक.

तर ‘अबीजी’ हा शब्द ठेवायचा की टाकायचा? माझ्या मते ठेवावा, पण त्याची हद्द ओळखून. बीजाणूंवर वंश चालवणाऱ्यांची जगण्याची रीत सांगायला तो चांगला आहे. ओल कधी लागते, वारा काय करतो, भिंग कुठे धरायचं, हे त्या रीतीवरून कळतं. संग्रहालयात नमुने वेगळे ठेवायला आणि अभ्यासक्रमाची पत्रिका ठरवायला तो अजून वापरतात, आणि त्यात काही गैर नाही. नातं सांगायला मात्र तो उपयोगाचा नाही, आणि ही बाब केवळ पुस्तकी नाही. ज्वारीची काणी ही खरी बुरशी, तिला गंधक लागू पडतं. बाजरीच्या गोसावीला त्याच गंधकाचा उपयोग नाही. गोसावीसाठी मेटॅलॅक्झिल हे औषध किलोभर बियाण्याला ६ ग्रॅम लावतात, ते काणीवर चालत नाही. दोन्ही रोग बीजाणूंनीच पसरतात, दोघांचं कूळ वेगळं, म्हणून औषध वेगळं. तेव्हा मृगाच्या पेरणीआधी दुकानात जाऊन नुसतं ‘बुरशीचं औषध द्या’ म्हणू नका. रोगाचं नाव सांगा, आणि नाव माहीत नसेल तर रोगट कणीस बरोबर न्या.